अजून?

पहिल्या वर्षी डोरीन केळीसुद्धा
साबणाने धुवायची.
आता तिसरा हिवाळा. प्रेस्टनच्या बेकरीत
माझ्या मास्ककडे बघून म्हणते, "अजून?"
वाकडेपणा नाही त्यात.
माघ आला तरी कुणाचा आकाशकंदील उतरला नसेल
तर विचारतात ना, तसं.

श्रीरंगची किडनी नवी आहे, मी सांगते.
"हो गं, पण किती दिवस?"
ते तर डॉक्टरही टक्क्यांतच सांगतात.
चार टक्के.
घरी आणून ठेवायचे कुठे? चपलांपाशी?

रात्री सामाईक भिंतीतून तिचा खोकला येतो.
मी मोजते. सतरा.

सकाळी ती म्हणते, धूळ असेल.
असेल, मी म्हणते,
आणि लसणाचं सार तिच्या उंबऱ्याशी ठेवून,
बेल दाबून,
दोन पावलं मागे सरकते.
सवयीने आणखी एक.