अकरा जणींचा हिशोब

बाजार म्हटलं की कोपरखैरण्यात आमच्या गल्लीत
आधी मसाला मार्केटच समजतात :
मिरचीच्या पोत्यांखालून घरी आलेले खांदे,
दारातच शिंकणारी पोरं.
दुसरा बाजार आम्ही बायकांनी आणला,
भिशीची चिठ्ठी काढता काढता.
मालन चोरगे म्हणाल्या, सोनं कपाटात झोपतं,
पैसा कुठंतरी कामाला लावू.

खातं माझ्या नावावर. मी शिकलेली सून,
वाशीच्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते,
तासांवर पगार.
निवड मात्र सगळ्यांची.
यमुना पार्टेंनी रंगाची कंपनी घेतली,
दिवाळीत भिंती कुणाला चुकतात?
सिंधू रांजणेंनी बँक, तिथला शिपाई हसून बोलतो म्हणून.
माझ्या सासूबाईंनी, फुलाबाईंनी, साबण.
जुनघरे वहिनींनी सांगितलं एक, मी ऐकलं भलतंच,
ते पंप बनवणारे कुणीतरी निघाले.
असू दे, म्हणाल्या, पाणी तर लागतंच.

आज चार वर्षांचा हिशोब.
लॅपटॉप पाटावर, आर नावाची भाषा उघडलेली.
‘एकच अक्षर?’ फुलाबाई म्हणाल्या,
‘पुढं शिकली नाही काय?’

या भाषेत किंमत ठेवायची तर बाण काढतात,
डावीकडे तोंड असलेला :
उजवीकडचं उचलायचं, डावीकडच्या नावात टाकायचं.
हे त्यांना समजवावं लागलं नाही.
पोतं इथून उचल, तिथं टाक.
सगळ्यांची घरं त्यावरच उभी.

जिथे आकडा नाही तिथे ती लिहिते एन, ए.
फुलाबाई अक्षरं जुळवून वाचतात : ‘ना.’
‘काय ना?’
‘माहीत ना, आत्या. त्या दिवशी बाजार बंद होता.’
‘मग शून्य लिही की.’
शून्य वेगळं. शून्य म्हणजे विचारलं, आणि काही नव्हतं.
ना म्हणजे विचारताच आलं नाही.
यमुनाताई भिंतीकडे बघत होत्या.
त्यांच्या थोरल्याचा फोन लागत नाही, तीन वर्षं झाली.

मग शार्प रेशो. ‘म्हणजे धारदार?’
नाही, कुणाचं तरी आडनाव आहे.
जीव जेवढा टांगणीला लागला
त्या मानानं हाताशी आलं किती, एवढंच.
‘त्याला मशीन कशाला,’ सिंधूताई म्हणाल्या
आणि शेंगा सोलत राहिल्या.

आलेख निघाला.
रेघ चढते, बसते, पुन्हा चढते,
आणि मध्येच कडा.
एका मंगळवारी निम्म्याहून जास्त गायब.
भाषेला वाटलं, बुडालो.
मी तिला सांगितलंच नव्हतं
की त्या मंगळवारी आम्हीच विकलं होतं,
बाजार तळाला असताना,
चोरग्यांच्या मणक्यासाठी.
तीस वर्षांची पोती एका सकाळी पाठीत उतरली होती
आणि दवाखाना भाव सुधारायची वाट बघणार नव्हता.

काढलेल्या पैशांना वेगळा रकाना असतो.
तो भरला. कडा बुजला.
उरला फक्त एक आकडा :
तेव्हा विकलं नसतं तर आज किती असते.
पंप एकटाच तिप्पट झालाय.
हे गणित मी कुणी न सांगता केलं,
शिकवायची सवय.

मालनताई शेजारीच बसलेल्या. त्यांना वाचता येत नाही,
पण माझं बोट थांबलेलं दिसलं.
‘किती गेले गं आमच्यापायी?’

मी आकडा पुसला. दोन अक्षरं दाबली.
फुलाबाई पुढे वाकल्या, चष्मा नाकावर सरकवला.
‘ना,’ त्यांनी वाचलं.
मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
मंगळवार त्यांनाही आठवत होता,
दलालाला फोन त्यांच्यासमोरच केला होता मी.

‘बंद होता त्या दिवशी बाजार,’
त्या मालनताईंना म्हणाल्या
आणि सोललेल्या शेंगांची ताटली
त्यांच्यापुढे सरकवली.