पाण्याचा रकाना

हेरंबने एक्सेलमध्ये दोन देश उघडलेत.
हवा, शाळा, पगार, डॉक्टर, पाणी,
प्रत्येकाला दहापैकी गुण.
बेरीज जिकडे जास्त तिकडे राहायचं
असं ठरलंय. निदान त्याचं.

पाण्याला त्याने इकडे, हलमध्ये, दहा दिले,
तिकडे इचलकरंजीत दोन.
मी काही बोलले नाही.
दोनही जास्तच, असं वाटलं होतं खरं.

मार्चमध्ये आई आली.
गुडघ्याला पट्टा, पिशवीत कुरडया,
आणि पहिल्याच रात्री अडीच वाजता
स्वयंपाकघरात दिवा.
बघते तर ओट्यावर पातेली, कुकर,
मिहिरची खेळण्यातली बादली,
केकचा साचासुद्धा,
सगळं काठोकाठ.
"आई, इथे चोवीस तास असतं गं."
"असू दे. असतं तेव्हाच भरायचं असतं."

तिच्याकडे पाणी चौथ्या दिवशी येतं,
कधी सहाव्या. वेळ कुणी सांगत नाही.
बाहेर माग धडधडत असतात
आणि त्या धडधडीतूनही तिला
नळाचं पहिलं खाकरणं ऐकू येतं.
इथल्या नळाला घसाच नाही, म्हणते.
मुका मेला.

मला वाटलं, आठवण येत असेल तिला
नळावरच्या बायकांची, गप्पांची.
विचारलंही तसं, जरा गोड आवाजात.
"गप्पा?
चाळीस वर्षं दोन जिने चढवलंय मी पाणी.
शेवंताने माझी कळशी गटारात फेकली होती.
हा खांदा बघ, वर जात नाही.
गप्पा म्हणे."
आणि नळ सोडून बघत उभी राहिली,
मागे रांगेत कुणी नाही
याची खात्री करून घेतल्यासारखी.

जूनच्या एका मंगळवारी
कोपऱ्यावरची जमिनीखालची नळी फुटली.
रस्त्यावर तळं, घरांत नळ कोरडे.
मोबाइलवर संदेश: गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत,
बाटल्या दुपारनंतर मिळतील.
शेजारची मोरीन, अठ्ठ्याहत्तर वर्षांची,
रिकामी किटली घेऊन टेनफूटमध्ये उभी.
टेनफूट म्हणजे घरांमागचा बोळ.
या गावाबाहेर हा शब्द फारसा कुणाला कळत नाही.
मला कळतो, याचा मला
का कोण जाणे, अभिमान आहे.

आईने मागचं दार उघडलं.
"कम," म्हणाली,
तिला येणाऱ्या सात शब्दांतला एक.
मोरीनची किटली भरली.
प्योत्रच्या बाळाच्या दुधापुरतं कुकरमधून दिलं.
केकचा साचा त्याच्या कुत्र्यापुढे ठेवला.

चहा पिता पिता मोरीन म्हणाली,
आमच्या लहानपणी, हेसल रोडला,
सहा घरांत मिळून एक नळ होता, अंगणात.
हिवाळ्यात तो गोठायचा,
मग आई त्याला जळता कागद लावायची.
मी मराठीत सांगितलं.
आई कप खाली ठेवून म्हणाली,
"विचार हिला, घरात कधी आला नळ?"
अठ्ठावन्न साली. मी बारा वर्षांची.
आईने बोटांवर काहीतरी मोजलं.
मला वाटलं, दोन देशांतली वर्षं मोजतेय.
"म्हणजे लग्नाआधी आला,"
ती म्हणाली. "हिचा खांदा वाचला."
हे मात्र मी मोरीनला सांगितलं नाही.
कसं सांगायचं ते सुचलं नाही.

संध्याकाळी हेरंबने
इकडच्या दहाचे नऊ केले.
तिकडच्या दोनवर कर्सर बराच वेळ
लुकलुकत राहिला.

आठ चाळीसला नळ खाकरला,
तांबूस थुंकला, पुन्हा खाकरला.
"आलं!" आई ओरडली,
जिन्यावरून सगळ्या माळ्याला ऐकू जावं
अशा आवाजात,
आणि आम्ही तिघंही, लॅपटॉप तसाच टाकून,
हाताला लागेल ते घेऊन धावलो.
भिंतीपलीकडे प्योत्रच्या घरातही
भांड्यांचा आवाज झाला.