एक सोडून

दांडिया बाजारात, जिन्याखाली फाफड्याची कढई,
वर माझं दुकान. इथल्या प्रत्येक कीबोर्डला तेलाचा वास.
मंदाकिनीबाई पागेदार डिस्क घेऊन आल्या
डब्याच्या पिशवीत, टॉवेलात गुंडाळून,
वर पुन्हा रबर.
"भावाची आहे," म्हणाल्या. "होता तेव्हापासून टकटक करते."

तारा जोडल्या, कानाशी धरली. करत होती.
टक, टक, थोडं थांबून टक,
बेल बंद असलेल्या दारावर पाहुणा करतो तशी.

अशा डिस्कला आधी काही विचारायचं नसतं,
दुरुस्त तर मुळीच करायचं नसतं.
आधी नक्कल उतरून घ्यायची, आहे तशी, चुकांसकट,
आणि तिला दम लागला की आपण थांबायचं.
रात्रभर पंखा तिच्या तोंडावर ठेवला.
साडेतीनला टकटक थांबली, मी उठून बसलो.
पुन्हा सुरू झाली तेव्हा बरं वाटलं.
सकाळी हिशेब: सदुसष्ट जागा वाचता आल्या नाहीत.
बाकी सगळं नव्या डिस्कवर.

पण उघडेना.
ज्याला हात लावावा ते म्हणे, तुम्हाला परवानगी नाही.
मालकाच्या रकान्यात नाव नव्हतं, लांबलचक आकडा होता,
बंद पडलेल्या कॉम्प्युटरवरचा कुणी,
ज्याला माझा कॉम्प्युटर ओळखत नाही.
हे नेहमीचंच. यात कुणाचा दोष नसतो.
एक आज्ञा टाइप करायची, की मालक मी.
दिवसाला पाच-सहा घरांचा मालक होतो मी,
सहाची बस चुकते ती चुकतेच.

आज्ञेआधी यादी नजरेखालून घालायची सवय आहे.
प्रतापनगर ऑफिसच्या पगारपावत्या.
विश्वामित्रीतल्या मगरी, सालवार,
काळ्या घोड्याजवळच्या पुलावरून काढलेल्या,
एकेकीला नंबर.
आणि एक फाइल, नाव 'नंतर'.

हिचं कुलूप वेगळं होतं.
मालकानं मालकालाच मनाई केली होती,
हातानं, एका मंगळवारी, रात्री बारा वाजून नऊ मिनिटांनी.
हे बिघडणं नव्हे.
पण माझी आज्ञा आंधळी. 'आतल्या सगळ्याला लागू करा'
म्हटलं की ती सगळ्यालाच लागते.
खालून जयेश ओरडला, "चा मोकलुं?"
मोकल, म्हटलं. चहा येईपर्यंत बसून राहिलो.
मग ती फाइल वगळली आणि बाकीच्यांवर चालवली.

संध्याकाळी बाईंनी मगरी पाहिल्या, हसल्या.
"ही सात नंबर. जेवताना हिचंच कौतुक."
मग मी 'नंतर'चं सांगितलं.
उघडता येईल, म्हणालो, मिनिटाचं काम.
त्यांनी पर्स उघडली, बंद केली.
"यशोधरनं जन्मात कशाला कडी लावली नाही.
सायकललासुद्धा. दोन गेल्या."
थोड्या वेळानं, "लावली आहे ना? मग राहू दे."

बिलावर लिहिलं: दुरुस्ती, एक सोडून.
त्यांनी वाचलं, घडी घातली,
डिस्क टॉवेलात, टॉवेलावर रबर,
आणि तिसऱ्या पायरीवरून वळल्या.

"केवढी आहे हो ती?"
"अकरा केबी."
"म्हणजे किती?"
"मराठीत असेल तर दोन पानं."

"दोन?"
कठड्यावरचा हात तसाच.
"त्याचं कधी पोस्टकार्ड भरलं नाही."