कोण लागतो

कुताइसी. आई ओले अक्रोड सोलतेय,
बोटं शाईत बुडवल्यासारखी काळी.
"तो बातुमीचा झुराब,
तुझा कोण लागतो?"
"लागत नाही कोणी. भेटतो आम्ही.
शनिवारी. कधी रविवारीही."
"आणि नाही पटलं तर?"
"तर नाही."
"एवढंच?"

बाबांना तिनं लग्नाआधी दोनदा पाहिलं होतं.
त्यातून एकदा पाठमोरं,
ट्रॅक्टरवर वाकलेलं.
मी वाट बघते : आता ओरडेल,
आता मावश्यांना फोन जातील.

ती सालं कागदात गुंडाळते,
परत उघडते,
चुकून आत गेलेला एक गर शोधून
तोंडात टाकते.
"एवढंच," म्हणते.
मला नाही.

बाहेर बाबा फाटकाची कडी लावताहेत,
रोजच्यासारखी,
दोनदा ओढून बघत.