दहा नखं

रविवारची मिस्सा सुटली की दिघ्याच्या खाणीवर येतो आम्ही,
मी, इस्टेला, आणि तिची ती खोकल्याच्या औषधांची पिशवी.
माझ्याकडे फक्त नेलकटर.

पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात.
बाराही जण घरून धुऊनच आलेले असतात,
साबणाचा वास येतो.

इथे हणमव्वाच्या नखांत
डोंगर आहे. अर्धा तरी.
कटर कचरतो.
खडी फोडून फोडून खडी झालेलं नख
सहजी तुटत नाही.

दहाही झाली. मी प्रार्थनेला तोंड उघडतो,
तर ती माझाच हात ओढते, उलटा करून बघते :
"आन् तुजी कोन काडनार, बाबा?"

कटर आता तिच्याकडे.
इस्टेला हसते.
मी गप्प,
बोटं पसरून.