पाचवी बोंडी

लिहितात लिओमिन्स्टर, म्हणतात लेम्स्टर.
पंचेचाळीस वर्षं या देशात काढून
मला एवढं तरी कळलंय
की मधली अक्षरं गिळायची असतात.

फेब्रुवारीतला रविवार. हॉलच्या फरशीवर ओले बूट,
टेबलांवर बिल्ले, पट्टे, रिव्हॉल्वरला बांधायचे गोफ,
कातडी होल्स्टरांच्या आत शाईनं लिहिलेली
आता कुणाचीच नसलेली आडनावं.
थर्मासचा चहा झाकणात ओतत
गॅरथ प्रॉसर म्हणाला, तुझ्यासाठी ठेवलंय.

ओकची पेटी. आत हिरवी बनात,
बनातीत ज्याचं त्याचं घर:
ठासणीचं, पाच बारांचं रिव्हॉल्वर, अठराशे अठ्ठावन्नचं,
तांब्याची दारूची कुप्पी, कुशीला पोचा आलेली,
एक गोल, एक टोकदार गोळी ओतणारा साचा,
टोप्यांची काळी डबी, हलवली की खुळखुळणारी.
आणि एक घर रिकामं,
तेलाच्या बाटलीचं.
तिथे बनातीवर डाग तेवढा.

प्रॉसर कुजबुजला, बोंड्या बघ,
टोपी बसते त्या.
चार ठोके खाऊन चपटलेल्या, पाचवी कोरी.
शेवटची गोळी साहेब स्वतःसाठी राखायचा.
तिकडच्या त्या बंडात, म्हणजे तुमच्या...
इथे त्यानं माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं
आणि वाक्य गावाच्या नावासारखं गिळलं.
किंमत मात्र पूर्ण उच्चारली.

परतताना गाडीत, मागच्या सीटवर ती पेटी.
हे आमच्यातल्या कुणावर रोखलं असेल?
आमचे तेव्हा जुन्नरला, तांबट आळीत,
हंडे ठोकत होते. ना इकडून, ना तिकडून.
पण आपलं तांबं पुढे कुठे गेलं
हे तांबटाला कोण सांगतं?

टूलरूममध्ये अडतीस वर्षं घालवलेला माणूस
गोष्टीवर नाही, आट्यांवर विश्वास ठेवतो.
शेडमध्ये, दोन दिवस तेलात भिजवून
पाची बोंड्या उतरवल्या.
चौघींचे आटे एका हाताचे.
पाचवीचे बारीक, पोलाद वेगळं, नंतरचं.

साहेबानं काही राखलं नव्हतं.
कुणा कारागिरानं मोडकी काढून नवी बसवली,
हात पुसले, जेवायला गेला.
आणि त्यानंतर हे एकदाही वाजलं नाही,
कोरी बोंडी एवढंच सांगते.

थोडं वाईट वाटलं. गोष्ट बरी होती.

मग मी लेथवर कथलाची बाटली कातली.
पहिली बसेना. बनातीची जाडी धरायला विसरलो,
या वयात, शिकाऊ पोरासारखा.
दुसरी बसली.
प्रमिला दारातून म्हणाली, तेल कसलं भरणार?
म्हटलं, तुझ्या शिवणयंत्राचं.

जुनी दिसवणं अवघड नव्हतं.
मिठाचं पाणी, चहाचा चोथा,
महिनाभर खिशात किल्ल्यांच्या जुडग्याशी.
तसल्या पाच बाटल्या मी टेबलांवर पाहिल्यात,
दोन तर विकतही घेतल्यात.
हिला चकचकीतच ठेवली. तळाला कोरलं
माझं नाव, सन, दोन्ही देवनागरीत,
सवयीनं, की हट्टानं.

माझ्यामागे कधीतरी, कुठल्याशा हॉलमध्ये,
दुसरा एखादा प्रॉसर तळाला भिंग लावेल,
आकडे वाचता येणार नाहीत त्याला,
आणि गिऱ्हाइकाच्या कानाशी कुजबुजेल:
मूळची आहे, बंडाच्या वेळची,
बघा, तिकडची लिपी.

गिऱ्हाईक शहाणं असेल
तर बूच फिरवून बघेल.
सातव्या आट्याला ते किंचित अडतं.
तिथे माझा हात थरथरला होता.