फॉर्म क्रमांक एकशे सदतीस

सातपूरची शाळा, नववी ब, मधल्या सुट्टीनंतरचा तास.
लसणाच्या चटणीचा वास अजून बाकांवर रेंगाळतोय.
मी फॉर्म वाटते. छत्तीस वाक्यं,
प्रत्येकापुढे पाच चौकोन,
‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत.
‘यात बरोबर-चूक काही नसतं,’ मी सांगते.
कुणाचाच विश्वास बसत नाही.
छापील कागद म्हटला की मार्क आलेच.
‘नाव लिहू नका,’ हेही सांगते.
सगळे आधी नाव लिहितात. तुकडीसकट.

‘नकारात्मक भावना म्हणजे काय, मॅडम?’
मी फळ्यावर लिहीत जाते : राग, भीती, मत्सर, अपराधीपणा.
‘आणि कसंतरी होतं ते?’
मागच्या बाकावरून कुणीतरी.
वर्ग हसतो. मग हसायचा थांबतो.

कसंतरी.
मूळ प्रश्नावलीत ते नाही,
मी सहा महिने घासलेल्या भाषांतरात नाही,
मार्गदर्शक सरांनी सही केलेल्या यादीत नाही.
खडू धरून मी उभी.
शेवटी लिहिते : इतर.

वाक्य सात : झालेल्या गोष्टीचा मी मनातल्या मनात रवंथ करतो/करते.
‘म्हशीसारखा?’
हो, साधारण तसाच.
‘पण म्हशीला त्याचा त्रास होत नाही.’
हे मी टिपून ठेवलं,
कुठल्या रकान्यात घालायचं ते न कळताच.

वाक्य अकरा : भावना तीव्र झाली की मी शारीरिक हालचाल करतो/करते.
उमेर पिंजारी समासात, मुंगीएवढ्या अक्षरांत :
पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो. मोजत.
मधेच आकडा विसरलो तर तो राग होता.
नाही विसरलो तर दुसरं काहीतरी होतं.
पायऱ्या दर वेळी वेगळ्या भरतात.

वाक्य चौदा : मी मोकळेपणाने रडतो/रडते.
कार्तिकी बेंडकुळेने पाचही चौकोन कोरे ठेवले,
बाजूला लिहिलं : एक बादली.
‘म्हणजे गं?’
‘नळ सोडते ना, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
बादली भरली की थांबायचं.
नाहीतर आई म्हणते, एवढं पाणी कशाला लागतं.’
‘आणि त्या पाण्याचं काय करतेस?’
माझ्याकडे ती अशी बघते
की मॅडमना घरकाम येत नाही वाटतं.
‘युनिफॉर्म भिजवते.’

आणि मग हा, एकशे सदतीस.
नाव न लिहिणारा एकटाच.
छत्तीसच्या छत्तीस खुणा पहिल्या चौकोनात.
राग? कधीच नाही. भीती? कधीच नाही.
वरून खाली सरळ रेघ, ओळंबा सोडल्यासारखी.

‘वाचलंच नाही त्यानं,’ सर फोनवर म्हणाले,
‘रद्द कर. नमुना पुरेसा आहे आपला.’
नियम बरोबरच आहे.
याच नियमानं मी सिडकोतले सहा
आणि नाशिकरोडचे पाच फॉर्म बाद केलेत,
चहा पिता पिता.

संध्याकाळी निमाणीच्या बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली.
फॉर्म सहज उलटा केला
आणि बोटाला काहीतरी लागलं.
पाठीमागून खुणा वर आल्या होत्या.
पहिल्या पानावर मोहरीएवढ्या,
दुसऱ्यावर तुरीच्या दाण्याएवढ्या.
तिसऱ्या पानावर, वाक्य एकतीसपाशी, कागदच फाटलाय.
मी सुलटं करून वाचलं :
वाईट वाटलं की मी झोपून जातो/जाते.

बेरीज छत्तीस.
आमच्या पुस्तिकेत छत्तीस म्हणजे सर्वांत कमी.
पेन किती दाबलं ते मोजायची पट्टी
पुस्तिकेत नाही.
कंडक्टर दोनदा म्हणाला, ताई, सुट्टे.

मंगळवारी पुन्हा जाणार आहे त्या वर्गात.
काय विचारायचं ते ठरलेलं नाही.
विचारायचं की नाही तेही.
गणिताच्या वह्या मागून घेईन सगळ्यांच्या,
काहीतरी कारण सांगून,
आणि एकेक वही
पाठीमागून चाचपत बसेन.